शेपटीचे चार सेकंद

इअरफोनच्या तिसऱ्या जोडात आईचा श्वास ऐकू आला आणि त्याने आधी त्याला गुण दिले. मांडीवरच्या वहीत 'तिसरा' असं लिहिलेल्या रकान्यात 'शेपटीकडचा तपशील उत्तम' एवढं लिहून तो मोकळा झाला, आणि मग पेन कागदावरच थांबलं. नऊ वर्षं तो हे चाळीस सेकंद ऐकत आला होता. नव्या स्पीकरवर, जुन्या स्पीकरवर, उधार आणलेल्या हेडफोनवर, मित्राच्या गाडीत, परगावच्या स्टुडिओत, जिथे म्हणून आवाज पारखायचा असेल तिथे त्याने आईला वाजवलं होतं. आणि वाचन संपल्यावर आई पुन्हा श्वास घेते हे त्याला ठाऊकच नव्हतं. माणूस श्वास दोन कारणांसाठी घेतो, जगण्यासाठी आणि बोलण्यासाठी, आणि या दोहोंतला फरक ओळखण्यावरच त्याचं पोट चालत होतं. जगण्याचा श्वास नाकातून येतो, लांब असतो, त्याला घाई नसते. बोलण्याआधीचा श्वास तोंडाने घेतलेला, आखूड, वरच्यावर. आणि त्याच्याआधी ओठ सुटल्याची एक बारीक टिचकी. डबिंगच्या स्टुडिओत दिवसाला असे दोन-तीनशे श्वास तो कापून फेकत असे. आईचा हा श्वास बोलण्याआधीचा होता. यात शंकेला जागा नव्हती, आणि नेमका त्याचाच त्याला राग आला.

खोली लिफ्टएवढी होती. भिंतींना करडा फोम, वर एक दिवा, एक खुर्ची, एक बुटकं टेबल, आणि टेबलावर दुकानाचा प्लेअर आणि काळ्या कापडाच्या तबकात इअरफोनचे चार जोड मांडलेले. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत. खरा डॉक्टर तो नव्हता. पण गिऱ्हाइकाच्या कानात तो ज्या काळजीने डोकावे, रबरी टोप्या स्पिरिटने पुसून चिमट्याने बसवी आणि 'दुखतंय का?' असं विचारी, त्यावरून हे नाव पडलं होतं आणि त्यालाही ते आवडत होतं. सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलं होतं, "सावकाश ऐका. घाई करू नका. लोक चांगला आवाज घ्यायला येतात हो, आणि मोठा आवाज घेऊन जातात." यावर वही उघडता उघडता तो हसला होता. हे त्याला कोण शिकवणार? दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, नाहीतर जी केसभर मोठी वाजते ती कानाला सरस वाटते, हे तो स्वतः नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवी. त्यांच्याकडून घोकून घेई म्हणा ना. म्हणून तर त्याने वही आणली होती, रकाने आखले होते, प्रत्येक जोडाला तीच क्लिप, तीच पातळी. बायको सकाळी वही बघून म्हणाली होती, "मला बघायला आला होतास तेव्हा तर सात मिनिटांत चहा पिऊन हो म्हणालास." आणि चौथ्या जोडाची किंमत ऐकल्यावर तिने फक्त "कानात घालायला?" एवढंच विचारलं होतं.

घ्यायला लागणार होतेच. स्टुडिओ बंद होत होता. बंद नाही म्हणायचं, साहेबांच्या भाषेत तो 'हलका' होत होता. खोल्या सोडायच्या आणि प्रत्येकाने आपापल्या घरून काम करायचं. बावीस वर्षं ज्या खोलीत तो बसला, जिच्या भिंतींचा रुसवा-फुगवासुद्धा त्याला पाठ होता, ती महिन्याअखेर रिकामी करून द्यायची होती. घरी स्पीकर लावायची सोय नाही. पलीकडच्या खोलीत मुलगी अभ्यास करते, अलीकडे बायको फोनवर तिच्या ऑफिसची कामं करते, आणि एकच वाक्य चाळीसदा ऐकणाऱ्या माणसाशेजारी राहणं सोपं नसतं. तेव्हा यापुढे त्याचा स्टुडिओ म्हणजे ही दोन बोंडं. स्टुडिओत त्याला 'कान' म्हणत. 'कानाला विचार', 'कान अजून जेवायला गेलाय', 'कानाने पास केलं का?' सुरुवातीला थट्टा होती, नंतर ते नावच झालं, आणि तो त्या नावावर मनातल्या मनात खूश होता. नाही कशाला म्हणा? दोन खोल्या पलीकडचा पंखा हलतो हे तो आवाजावरून सांगे. नटाने दुपारी आंबट खाल्लंय हे त्याला जिभेच्या चटचटीवरून कळे. फक्त बोललेलं काय, ते त्याला बऱ्याचदा कळत नसे. म्हणजे शब्द कळत, पण ते कानातून पुढे सरकत नसत. सिनेमाचं सबंध डबिंग करून तो घरी येई आणि बायको विचारी, शेवटी तिचं काय होतं? तो म्हणे, कुणाचं? बायको कपाळाला हात लावी. "तीन आठवडे तिच्याच घशात बसला होतास ना रे? मेली की जगली एवढं तरी माहीत असेल!" तो सांगे, तिसऱ्या भागात तिला सर्दी झाली होती, तेवढं ऐकून घेतलं. यावर दोघं हसत. म्हणजे पूर्वी हसत.

त्याने क्लिप पुन्हा लावली. आई वाचू लागली. "सूचना. संच सुरू करण्यापूर्वी सर्व स्क्रू सुस्थितीत असल्याची खात्री करावी." पाणी तापवायच्या यंत्राबरोबर आलेला तो कागद होता. नऊ वर्षांपूर्वी त्याने एक नवा माईक घेतला, कर्ज काढून नव्हे पण हट्टाने, आणि तो पारखायला थेट आईकडे गेला, कारण आईसारखा आवाज त्याच्या माहितीत दुसरा नव्हता. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सव्वीस वर्षं ती एका फळ्यासमोर बसून दोऱ्या खुपसत, उपसत, अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देत राहिली. "बोला," असं ती म्हणे, आणि त्या एका शब्दात इतकी स्वच्छता असे की लोक खरोखर बोलू लागत. जोडून दिलं की ओळीवरून बाजूला व्हायचं, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा तिथला नियम. तो तिने घरीही पाळला. बंद दाराशी ती कधी उभी राहिली नाही. कुणी उत्तर दिलं नाही तर ती पुन्हा विचारायची नाही. समोरून उचललं नाही, दोरी काढली, झालं. "उपकरणास ओल्या हाताने स्पर्श करू नये." स, श, ष. माईक खोटा असेल तर या अक्षरांवर तो शिट्टी मारतो, म्हणून त्याने हाच कागद तिच्या हातात दिला होता. आणि आईने तो असा वाचला की जणू त्या यंत्रावर तिचा फार जीव होता. "शंका असल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा." इथे वाचन संपायचं. इथे गेली नऊ वर्षं त्याचं बोट बटणावर जायचं, कारण जे ऐकायचं ते ऐकून झालेलं असे. आज बोट गेलं नाही, कारण त्या हातात पेन होतं. इतकी क्षुल्लक गोष्ट.

वाचनानंतर शेपटी. आवाज संपल्यावर खोली काही क्षण तशीच वाजत राहते. तो रिकामेपणा क्लिपच्या शेवटी ठेवायचा आणि चार सेकंदांत हळूहळू शून्यावर आणायचा, ही या धंद्यातली रीत. त्यासाठी एक कळ असते. ती दाबताना पुढे काय आहे ते कुणी ऐकत नाही. दात घासून झाल्यावर नळ बंद करतो तसं. त्याने डोळे मिटले. ओठांची टिचकी. श्वास. आणि मग, उतरत्या आवाजात, पायऱ्या उतरत जाणाऱ्या माणसासारखी, आई म्हणाली, "आणि हे बघ, मला इथंच राहू दे. मला नाही रे तिथं"

पुढे शून्य.

त्याने कानांतून बोंडं काढली. फोममध्ये बारीक बारीक भोकं होती. बाहेर दुकानात कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं, ते खोलीत आल्यासारखं ऐकू आलं. दरवाजा नीट लागला नव्हता. हे त्याने टिपलं. आपण हे टिपतो आहोत हेही टिपलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता, हीच तर खरी गोम. दिवस आठवत होता, टेबल आठवत होतं, त्यावरचं प्लॅस्टिकचं आच्छादन काढून त्याने खाली जाड टॉवेल घातला होता, ते आठवत होतं. खिडकी लावून घेतली होती. आई समोर बसली होती, नाकावर चष्मा, हातातला कागद वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरलेला, कारण त्यानेच तसं बजावलं होतं. त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते आणि डोळे मीटरवर. म्हणजे आईचा शब्दन् शब्द त्याच्या कानात, कानाच्या अगदी आत, समोर बसून ऐकला असता त्याहून स्पष्ट पडत होता. आणि वाचन संपता संपता स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला. घुर्र. तो फ्रिज ऐकत होता. हा आवाज क्लिपमध्ये येतोय का, येत असला तर कुठून कापावं लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. समोर आईचे ओठ हलत होते, काटा छान मधोमध नाचत होता, लाल रेषेला शिवत नव्हता. पातळी उत्तम. आणि त्याने अंगठा वर केला.

हा अंगठा त्याला आता आठवला. आठवला म्हणजे, तो कधी विसरला नव्हताच. रोज पन्नासदा तो अंगठा वर करी. काचेपलीकडे बसलेल्या नटाला, नटीला, लहान पोरांना, खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना. ठीक आहे, आलाय, पुढे चला. त्या खुणेचा अर्थ स्टुडिओत कुणी शब्दांशी जोडत नाही. पण आई स्टुडिओतली नव्हती. आईने विचारलं, आणि मुलाने तिच्याकडे न बघता, काट्याकडे बघत, अंगठा वर केला. आई हसली होती. कागद घडी घालून तिने टेबलावर ठेवला, उठली, त्याच्या मागून जाताना हेडफोनवरूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा टाकायला गेली. चहा होईतो ती काहीतरी गुणगुणत होती. आपला आवाज मुलाच्या कामी आला म्हणून आई खूश झाली, असं त्याला वाटलं होतं, आणि नऊ वर्षं वाटत होतं. हा प्रसंग तो लोकांना कौतुकाने सांगायचा. स्टुडिओत क्लिप वाजवून झाली की सांगायचा, "माझी आई. बघा, स कसा आलाय."

त्या दिवसांत घरात एकच विषय होता, आईचं पुढे काय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, दोनदा जिन्यात पडली. ताई दुसऱ्या गावी. त्याच्याकडे दोन खोल्या. शहराबाहेर एक वृद्धनिवास होता, बाग होती, नर्स होती, जेवण वेळेवर. त्यानेच तो शोधला, त्यानेच सगळं जमवलं, आणि खोटं कशाला बोला, मनापासून जमवलं. ताई म्हणाली, आईला विचारलंस? तो म्हणाला, विचारलं. ती नाही म्हणाली नाही. हे खरं होतं. निदान त्याच्या कानापुरतं खरं होतं. ताई म्हणाली, "ती मला फोनवर म्हणाली, त्याला सांगितलंय मी, त्याने हो म्हटलंय. तू नेमकं कशाला हो म्हटलंस?" तो म्हणाला, "मला ती काही बोललेलीच नाही. एका अक्षराने नाही. ताई, आईचं हल्ली हे असं होतंय. बोलली नाही ते बोलल्यासारखं वाटतं तिला." इथून ते सुरू झालं. आधी ते नुसतं एक वाक्य होतं, ताईचं तोंड बंद करायला फेकलेलं. मग तो ते बायकोलाही म्हणाला. मग निवासातल्या नर्सला, दाखल करायच्या दिवशी, आई शेजारी उभी असताना, आवाज जरा खाली आणून म्हणाला की ती कधी काही वेगळं बोलली तर मनावर घेऊ नका, तिला भास होतात. आवाज खाली आणला होता त्याने. जिने सव्वीस वर्षं लांब गावांहून येणारे कुजबुजते आवाज ओळखले, तिच्यासमोर. नर्सने कार्डावर काहीतरी लिहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. ओळीवर कुणी आहे की नाही हे बघावं तसं पाहिलं, आणि मग ती बागेकडे बघू लागली.

त्याआधी, सामान भरायच्या दिवशी, ती एकदा बोलली होती. तो खोके घेऊन जिना चढून आला, तर ती दारातच उभी. खोक्यांकडे बघून म्हणाली, "ठरलं का मग?" तो म्हणाला, "ठरलं ना, आई. किती दिवस चाललंय!" ती "बरं" म्हणाली. दुसऱ्यांदा विचारायचं तिच्या स्वभावात नव्हतं. निवासात ती चौदा महिने राहिली. शेवटी शेवटी बोलणं फारच कमी केलं, आणि तो सगळ्यांना सांगत असे, बघा, म्हणत नव्हतो मी? ती गेल्यावर, सगळं आटोपून, पाहुणे पांगल्यावर ताई त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता आई नाहीये. आता तरी खरं सांग. ती तुला काहीच बोलली नव्हती?" तो म्हणाला, "नाही." इतक्या ठामपणे म्हणाला की बोलताना स्वतःच्या आवाजाची पातळी त्याला आवडली. ताईने त्याच्याकडे बघितलं. "तुला, बाळ्या, मुंगी चाललेली ऐकू येते," ती म्हणाली, आणि बॅग उचलून निघाली. त्यानंतर तिने वर्षातून दोनदा, कामापुरते फोन केले. सात वर्षांत त्याच्या घरी पाऊल ठेवलं नाही. ताई हलक्या कानाची आहे, असं तो बायकोला सांगायचा, कुणी काही सांगितलं की विश्वास ठेवते. आणि पुरावा म्हणून त्याच्याजवळ काय नव्हतं? सगळं होतं. खिशात होतं. नऊ वर्षं तो ते घेऊन गावभर फिरत होता आणि लोकांना ऐकवत होता. फक्त लोकही स ऐकत होते.

दार उघडून डॉक्टरने आत डोकं घातलं. "काय म्हणतायत पेशंट?"

"तिसऱ्यात," तो म्हणाला आणि त्याने वही मिटली. "तिसऱ्यात शेवटी जास्त ऐकू येतंय."

"तिसरा गुणीच आहे." डॉक्टर आत आला. मग टेबलावरचा प्लेअर उचलून त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अरेच्चा! अहो, हा आवाज वाढवायचा खटका वर गेलाय. सकाळी एकजण मोठे हेडफोन बघून गेला, त्याच्यासाठी वर करून परत खाली आणला होता. चहा सांगायला आत आलो ना मघाशी, बाजूला करताना बहुतेक माझ्याच हातून गेला." त्याने नखाने खटका खाली केला. "म्हणजे तिसरा तुम्ही मोठ्या आवाजात ऐकलात. माफ करा हां, तिसऱ्याचे गुण कापा. तुमच्यासारख्याला कळलं कसं नाही म्हणतो मी?"

त्यालाही कळेना की आपल्याला कळलं कसं नाही. आणि मग कळलं, हळूहळू, थंड पाण्यात पाऊल जावं तसं, की म्हणजे जोडाचं काही नाही. तिसऱ्या जोडाची करामत नव्हती ती. "वर करा परत," तो म्हणाला.

"अहो, पण मग तुलना..."

"वर करा."

डॉक्टरने खटका वर केला. त्याने दुसरा जोड कानात घातला. सूचना, संच, स्क्रू, शंका, संपर्क. टिचकी. श्वास. आणि हे बघ, मला इथंच राहू दे. त्याने पहिला लावला, या चारांतला सर्वांत स्वस्त. मला इथंच राहू दे. चौथ्यात जरा गोलसर, बाईच्या आवाजाला ऊब देऊन, मला नाही रे तिथं. डॉक्टर कमरेवर हात ठेवून बघत होता. असला पेशंट त्याने पाहिला नसावा. मग पेशंटने खिशातून स्वतःचे जुने इअरफोन काढले, वायरीला चिकटपट्टी लावलेले, बसमध्ये वेळ घालवायला ठेवलेले, आणि ते प्लेअरला जोडले. आवाज पिचका होता, स वर शिट्टी वाजत होती, आणि शेवटी आई म्हणाली, आणि हे बघ. सगळ्यांत ऐकू येत होतं. कधीही, कुठेही, कशावरही ऐकू आलं असतं. महागड्या यंत्राची गरज नव्हती, तरबेज कानाची नव्हती. आवाज जरा मोठा करायला हवा होता आणि बोट बटणावरून उचलायला हवं होतं, इतकंच. आता तर खटका खाली असला तरी ऐकू येणार, हेही तो जाणून होता. तो स्वतःच मुलांना सांगत आला होता, एकदा सापडलेली टिचकी पुन्हा हरवत नाही. ती काढून तरी टाका, नाहीतर जन्मभर ऐका. त्याने स्वतः खटका खाली केला आणि ऐकलं. होती. अगदी तळाशी, पण होती.

पुढे काय, हेही आठवून बघून झालं. मला नाही रे तिथं, काय? करमणार? झोप येणार? कुणी ओळखणार? चाळीस सेकंदांच्या पुढे ती बोलली असणार, ते सगळं मूळ फाइलमध्ये होतं, आणि मूळ फाइल त्याने त्याच संध्याकाळी उडवली होती. न लागणारं त्याच दिवशी काढून टाकायचं, पसारा ठेवायचा नाही, या शिस्तीबद्दल साहेबांनी एकदा सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

"मग?" डॉक्टरने विचारलं. "कोणता देऊ?"

"कोणताही द्या."

डॉक्टर दुखावला. दोन तास खोली अडवून, रकाने आखून, कोणताही? "अहो, कोणताही कसा? कानाचं आहे. रोज वापरायचं आहे." मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून तो जरा मवाळला. "ती वाचणारी बाई कोण? आवाज फार सुरेख होता. बाहेरपर्यंत येत होता मघाशी, दार उघडं होतं ना."

"काय वाचत होत्या, ऐकलंत?"

"ते काही लक्ष दिलं नाही," डॉक्टर म्हणाला. "पण स काय स्वच्छ हो!"

त्याने पहिला जोड घेतला. डॉक्टरने तो डबीत घालून, डबी पिशवीत घालून, वर दोन जादा रबरी टोप्या टाकून दिला. तो रस्त्यावर आला. दुपार होती, उन्हाने दुकानांच्या काचा चमकत होत्या, समोर एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. आवाज होते, पुष्कळ होते, पण एकही त्याला टिपावासा वाटला नाही. तो एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबला, नवे इअरफोन फोनला जोडून कानात घातले आणि विचार करायला स्वतःला वेळ न देता ताईचा नंबर लावला. सांगायचं काय ते अगदी सोपं होतं. ती बोलली होती, ताई. मी ऐकलं नाही. तिला भास होत नव्हते. तीन वाक्यं. स्टुडिओत तीन वाक्यांना पाच मिनिटं लागत नाहीत. घंटा वाजत राहिली. पलीकडे उचललं गेलं, आणि ताई म्हणाली, "बोल."

आईचाच आवाज. वय झाल्यावर ताईचा आवाज तंतोतंत आईवर गेला होता, आणि हे सात वर्षांत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्यात, आई म्हणाली, बोल. त्याने श्वास घेतला. तोंडाने, आखूड, वरच्यावर. तो श्वास त्याला स्वतःला स्पष्ट ऐकू आला.

"हॅलो?" ताई म्हणाली. "बाळ्या? ऐकू येतंय का माझं?"

त्याचा अंगठा वर झाला. भर रस्त्यात, समोर कुणी नसताना, हात कोपरात दुमडून, अंगठा वर. शिडीवरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्यालाच खूण केली असं समजून त्यानेही हसून फडक्याचा हात वर केला. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो खाली आणायला त्याला थोडा वेळ लागला.

"येतंय," तो म्हणाला.

"मग बोल ना. काय झालं? सगळे बरे आहात ना?"

"बरे आहोत." समोरची शिडी जागची हलली, तिचे पाय फरशीवर घासले. "काही नाही गं. नवीन इअरफोन घेतले आत्ता. म्हटलं, आवाज तपासावा."

ताईच्या मागे कुठेतरी फ्रिज चालू होता, घुर्र. मग तो थांबला.

"आला का मग नीट?" ताईने विचारलं.

"आला," तो म्हणाला. "अगदी स्वच्छ आला."

"बरं," ताई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.